मध्ययुगीन रहस्यकथा व पुराव्याची परीक्षा

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत रहस्यकथांविषयीं लेख पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. दप्तराचे रुमाल सोडून ठेवावे, बखरी व शकावल्या बाजूस साराव्या आणि कल्पित खुनांच्या कल्पित तपासांत वेळ घालवावा, हें संशोधकास शोभत नाहीं असा समज आपल्याकडे दृढ आहे. तथापि गेल्या पाऊणशें वर्षांत मध्ययुगीन काळावर रचलेल्या रहस्यकथांचा एक स्वतंत्र वर्गच निर्माण झाला असून त्यांतील निवडक ग्रंथ केवळ करमणुकीचे नाहींत. त्यांचा विषय वरवर पाहतां खून हा असतो. पण त्यांच्या पोटांत शिरलें असतां खरा विषय पुरावा हा आहे, असें दिसून येतें. पुराव्याची पारख हा तर आपणां सर्वांचा नित्याचा व्यवसाय होय. हे ग्रंथ कोणत्या रीतीनें वाचावे, त्यांतील कागदाचा भाग कोणता व कल्पनेचा कोणता हें कसें निवडावें, आणि हस्तलिखितें बाळगणाऱ्यांनीं त्यांपासून काय घ्यावें, एवढ्याचाच विचार येथें कर्तव्य आहे. अपराधी कोण हें मात्र आम्ही कोठेंहि सांगणार नाहीं. वाचकाच्या आनंदांत विघ्न आणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

१. मध्ययुगांतील तपास

प्रथम एक अडचण स्पष्ट केली पाहिजे. बारीकसारीक खुणांवरून अनुमान करीत अपराध्यापर्यंत पोंचणें ही आजच्या रहस्यकथेची रीत आहे. ही रीत मध्ययुगांत होती काय? आपल्या स्मृतिकारांनीं व्यवहारनिर्णयासाठीं लिखित, भुक्ति व साक्षी हीं तीन मानुष प्रमाणें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं एकहि नसेल तेथें दिव्य. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत ही व्यवस्था आहे, आणि मराठेशाहींतील गोतसभांचे महजर ज्यांनीं वाचले आहेत त्यांस ती नवी नाहीं. युरोपांतहि शपथ व दिव्य यांवर दीर्घकाल भिस्त होती. ख्रिस्ती पुरोहितांनीं दिव्याच्या विधींत भाग घेऊं नये असा निर्बंध रोम येथील चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेनें १२१५ त घातला, तेव्हांपासून ती चाल खचत गेली. इंग्लंडांत अकस्मात् मृत्यूची चौकशी करणारा 'कॉरोनर' हा अधिकारी ११९४ त नेमण्यांत येऊं लागला. त्यापूर्वींच्या काळावरील कथेंत असा अधिकारी सरसहा वावरतांना दिसला, तर लेखकाचा अभ्यास कच्चा आहे असें खुशाल समजावें.

परंतु म्हणून खुणांवरून अनुमान करणें त्या जुन्या काळास अपरिचितच होतें, असेंहि म्हणतां येत नाहीं. मध्ययुगाच्याहि पूर्वींच्या कौटिलीय अर्थशास्त्रांत, कंटकशोधन नामक चौथ्या अधिकरणांत, 'आशुमृतकपरीक्षा' असें स्वतंत्र प्रकरण आहे. अकस्मात् मेलेल्याच्या प्रेतास तेल लावून तें तपासावें असें तेथें सांगितलें असून गळा दाबून मारलेला, फांस लागून मेलेला, बुडालेला व विषानें मेलेला यांचीं लक्षणें निरनिराळीं दिलीं आहेत. चीन देशांत सुंग त्झ नामक न्यायाधिकाऱ्यानें १२४७ त प्रेतपरीक्षेवर एक ग्रंथ लिहिला. त्यांतील विळ्याची गोष्ट सुप्रसिद्ध आहे. एका गांवकऱ्याच्या अंगावरील जखमा विळ्याच्या आहेत असें ओळखून अधिकाऱ्यानें आसपासच्या सर्व लोकांस आपापले विळे आणून उन्हांत ओळीनें मांडावयास लाविले. दिवस उन्हाळ्याचे, एकाच विळ्यावर माशा बसूं लागल्या, कारण पातें धुतलें तरी रक्ताचा वास त्यास उरला होता. तात्पर्य, मध्ययुगांतील तपासकाच्या ठायीं तर्कबुद्धि दाखविली म्हणून लेखकास दोष देतां येत नाहीं. ती बुद्धि त्या देशीं, त्या काळीं, कोणत्या शास्त्राच्या वा धंद्याच्या आधारें वावरत होती हें लेखकानें दाखविलें आहे कीं नाहीं, एवढें पाहावें.

२. श्रूजबरीचा मठ

या दृष्टीनें पहिलें उदाहरण इंग्लंडांतील घेऊं. एडिथ पार्जेटर (१९१३–१९९५) या लेखिकेनें एलिस पीटर्स या टोपणनांवानें १९७७ पासून १९९४ पर्यंत वीस कादंबऱ्यांची एक माला लिहिली. तिचा नायक ब्रदर कॅडफेल हा वेल्स देशचा. तरुणपणीं पहिल्या धर्मयुद्धांत लढून आलेला आणि उतारवयांत श्रूजबरी येथील बेनेडिक्टपंथी मठांत वनौषधींची बाग सांभाळणारा साधु आहे. त्यास विषें ठाऊक आहेत तीं औषधें करण्याच्या निमित्तानें, आणि जखमा ठाऊक आहेत त्या लढाईंतील अनुभवानें. तपासकाची बुद्धि कोणत्या धंद्यांतून आली या आमच्या वरील प्रश्नाचें उत्तर लेखिकेनें असें चोख दिलें आहे. काळ ११३७ ते ११४५ चा, म्हणजे राजा स्टीफन व त्याची मामेबहीण मॉड यांच्यांत गादीसाठीं यादवी चालू असतांनाचा.

मालेंतील दुसरी कादंबरी 'वन कॉर्प्स टू मेनी' (१९७९) आमच्या विषयास फार उपयुक्त आहे. ११३८ च्या ऑगस्टांत स्टीफननें श्रूजबरीचा किल्ला घेतला व आंतील शिबंदीस फांशी दिलें, हा इतिहास आहे. समकालीन इतिहासकार ऑर्डेरिक व्हिटॅलिस यानें हेस्डिनचा अर्नल्फ व त्याजबरोबर सुमारें ९३ जण फांशी गेल्याचें नमूद केलें आहे. कादंबरींत त्या प्रेतांची व्यवस्था लावण्याचें काम कॅडफेलकडे येतें. प्रेतें ९४ असावयास पाहिजेत. तो मोजतो, तों ९५ भरतात. राजाज्ञेनें मेलेल्यांच्या राशींत कोणी तरी एक खून दडविला आहे! चौऱ्याण्णव हा आंकडा कागदाचा आणि पंचाण्णवावें प्रेत कल्पनेचें. इतिहासास धक्का न लावतां त्यांत एकाची भर घालावयाची, आणि ती कोठें घातली हें जाणत्या वाचकास मोजतां यावें, याहून प्रामाणिक रीत आम्हांस ठाऊक नाहीं.

येथें चिकित्सक वाचक आणखी एक पाऊल पुढें जाईल. ऑर्डेरिक हा स्वतः श्रूजबरीजवळच १०७५ त जन्मलेला व त्याच नगरांत बालपणीं शिकलेला. परंतु दहाव्या वर्षीं त्यास नॉर्मंडींतील मठांत धाडण्यांत आलें व त्याचें आयुष्य तेथेंच गेलें. तेव्हां जन्मभूमीच्या आस्थेनें त्यानें ही वार्ता लिहिली असली तरी ती त्याची डोळ्यांनीं पाहिलेली नव्हे, ऐकीव आहे. ९४ या आंकड्याचें वजन करतांना एवढें ध्यानांत ठेविलें पाहिजे. कादंबरी वाचून वाचक मूळ साधनाकडे वळला, आणि साधनाकडे वळून त्याच्या लेखकाचें ठिकाण विचारूं लागला, तर तें वाचन वायां गेलें असें कोण म्हणेल?

मालेंतील पहिली कादंबरी 'ए मॉर्बिड टेस्ट फॉर बोन्स' (१९७७) हीहि अशाच एका कागदावर उभारलेली आहे. वेल्समधील ग्विथेरिन या गांवांतून संत विनिफ्रेड हिच्या अस्थि श्रूजबरीच्या मठानें आपल्याकडे नेल्या. ही हकीकत आपणांस कळते ती मठाच्या प्रायर रॉबर्टनें लिहिलेल्या वृत्तांतावरून. आणि अस्थि आणावयास जाणाऱ्या मंडळीचा म्होरक्याहि तोच. नेणाराच लिहिणारा! ज्यांच्या गांवांतून अस्थि गेल्या त्यांनीं स्वतः लिहिलेली साक्ष समोर नाहीं. लेखिकेनें आपला खून व आपला तपास नेमका या एकतर्फीपणाच्या जागीं बसविला आहे. एकाच पक्षाचें लिखाण समोर असतां दुसरा पक्ष काय म्हणाला असेल, हा प्रश्न वतनाच्या तंट्यांतील एकाकी करीना वाचणारा प्रत्येक संशोधक स्वतःस विचारीत असतो. कादंबरीकारास त्याचें उत्तर रचण्याची मुभा आहे; आपणांस तो प्रश्न उघडा ठेवावा लागतो. एवढाच काय तो भेद.

३. न्यायाधीश डी

दुसरें उदाहरण चीन देशचें असून त्याचा कर्ता आपल्या संस्कृतज्ञांच्या परिचयाचा असावयास पाहिजे. रॉबर्ट व्हान गुलिक (१९१०–१९६७) हा डच परराष्ट्रसेवेंतील अधिकारी. यानें विद्यार्थिदशेंतच संस्कृताचें अध्ययन केलें. चीन व जपान येथील हयग्रीवोपासनेवर १९३५ त उट्रेख्ट विद्यापीठाची डॉक्टरची पदवी मिळविली. आणि त्या दोन देशांतील संस्कृताध्ययनाच्या इतिहासावरील त्याचा 'सिद्धम्' हा ग्रंथ १९५६ त आपल्या नागपुरासच प्रसिद्ध झाला. अशा पंडितानें रहस्यकथा लिहाव्या, हाच आमच्या आरंभींच्या आक्षेपास पुरेसा जबाब आहे.

डी जेन-जिए (६३०–७००) हा तांग राजवटींतील, सम्राज्ञी वू हिच्या कारकीर्दीचा, ऐतिहासिक मुत्सद्दी. त्याच्या न्यायदानाच्या गोष्टी लोकांच्या तोंडीं राहिल्या, आणि कित्येक शतकांनंतर त्याच्या नांवावर एक चिनी कादंबरी रचली गेली. व्हान गुलिकनें तिचा पूर्वार्ध, म्हणजे ६४ पैकीं पहिले ३० अध्याय, इंग्रजींत उतरवून १९४९ त टोकियो येथें खाजगी रीतीनें छापविला. उत्तरार्धाची धाटणी भिन्न असल्यानें तो मागाहून जोडलेला असावा, असा त्यानें तर्क केला. ग्रंथाचा प्रक्षिप्त भाग निवडण्याची ही रीत पुराणांचे व काव्यांचे पाठ तपासणाऱ्यांस ओळखीची आहे. पुढें त्याच नायकावर त्यानें स्वतःच्या कथा लिहिल्या. त्यांत एकाच न्यायाधीशापुढें तीन भिन्न प्रकरणें एकदम चालूं असतात, आणि न्यायाधीशच तपासक, फिर्याद घेणारा व शिक्षा देणारा असतो. ही मांडणी जुन्या चिनी कथांतील आहे.

या कथांत एक मोठा कालव्यत्यास आहे. नायक सातव्या शतकांतला. पण पोशाख, घरें व चालीरीति बहुतेक मिंग राजवटीच्या, म्हणजे सुमारें नऊशें वर्षें नंतरच्या. हा दोष नव्हे काय? आमच्या मते नव्हे, कारण जुने चिनी कथाकारहि आपल्याच काळच्या चालीरीति मागील काळावर लादीत असत, त्यांचीच परंपरा आपण पाळली आहे, असें ग्रंथकारानें स्वतः सांगून ठेविलें आहे. ग्रंथाच्या शेवटीं कथाबीज कोणत्या जुन्या ग्रंथांतून उचललें हेंहि तो सांगतो. दोष कालव्यत्यासांत नसून तो लपविण्यांत असतो.

याच विद्वानानें १९५६ त 'थांग-यिन-पि-शि' या चिनी ग्रंथाचें भाषांतर प्रसिद्ध केलें. तेराव्या शतकाच्या आरंभीं ग्वेइ वान-रुंग या अधिकाऱ्यानें न्यायाधीशांच्या उपयोगासाठीं जोडीजोडीनें मांडलेलीं १४४ प्रकरणें त्यांत आहेत. ही कादंबरी नव्हे, तर कादंबऱ्यांची खाण आहे. त्यांतील खोट्या कागदांचीं दोन प्रकरणें संग्राहकांसाठीं येथें सारांशानें देतों.

पहिल्यांत भाऊबंदाची जमीन बळकावण्यासाठीं एकानें बनावट खत पुढें केलें. तंटा बरेच दिवस निकालांत निघेना. शेवटीं चांग नांवाच्या अधिकाऱ्यानें कागद निरखून सांगितलें कीं, शाई ही मोहरेच्या तांबड्या रंगावर चढलेली आहे. अर्थात् मोहर आधीं चोरून उठविली व मजकूर मागाहून लिहिला. दुसऱ्यांत एकानें शेजाऱ्याचा कर आपण भरण्याच्या मिषानें त्याची जमीन वीस वर्षें आपल्या नांवें चालविली, आणि जुनें दिसावें म्हणून चहाच्या पाण्यांत रंगविलेलें खत दाखल केलें. च्यांग नामक अधिकाऱ्यानें कागदाच्या घड्या उलगडल्या व म्हटलें, कागद खरोखर जुना असता तर बाहेरची बाजू काळवंडून आंतली पांढरी राहिली असती; येथें आंत-बाहेर एकच रंग आहे, तेव्हां हा बनाव होय. दोन्हीं ठिकाणीं लबाडी कबूल झाली.

आपल्याकडील शिक्के बहुधा काळ्या शाईनेंच उठविलेले असल्यामुळें पहिली परीक्षा जशीच्या तशी लागू पडणार नाहीं. तरी शिक्का आधीं कीं अक्षर आधीं, आणि काळवंडलेपणा घड्यांच्या अनुरोधानें आहे कीं सरसकट आहे, हे प्रश्न वतनाच्या प्रत्येक संशयित सनदेस विचारण्यासारखे आहेत. शेंकडों वर्षांपूर्वींच्या चिनी अधिकाऱ्यास ते सुचले; विकत मिळालेला 'जुना' कागद हातीं घेतांना आपणांस ते सुचतात काय?

४. गुलाबाचें नांव

तिसरा ग्रंथ सर्वांत प्रसिद्ध व सर्वांत अवघड. उम्बेर्तो एको या इटालियन पंडिताची 'इल नोमे देल्ला रोझा', म्हणजे 'गुलाबाचें नांव', ही कादंबरी १९८० त प्रसिद्ध झाली. १३२७ च्या नोव्हेंबरांतील सात दिवस, उत्तर इटलींतील एक मठ, त्यांतील अफाट ग्रंथालय व एकामागून एक मरणारे साधु, असा तिचा विषय आहे. पोप बाविसावा जॉन व फ्रान्सिसपंथी यांच्यामधील, ख्रिस्ताच्या अकिंचनतेविषयींचा वाद हा पार्श्वभूमीस असून तो खराच झाला होता. बर्नार्ड गी हा धर्मन्यायाधीश, चेझेनाचा मायकेल, कझालेचा उबेर्तीनो या व्यक्तीहि ऐतिहासिक आहेत. तपास करणारा बास्करव्हिलचा विल्यम मात्र कल्पित.

ग्रंथाच्या आरंभीं लेखक सांगतो कीं, ही कथा मूळ एका मध्ययुगीन साधूची असून माबियों यानें ती छापली, तिचें फ्रेंच भाषांतर १८४२ त निघालें व तें आपणांस १९६८ त मिळालें. यांतील माबियों हा खरा. १६८१ त 'दे रे दिप्लोमातिका' हा ग्रंथ लिहून जुन्या दस्तऐवजांचा खरेखोटेपणा ठरविण्याचें शास्त्र ज्यानें पायाशुद्ध उभारलें, तोच हा पंडित. पण माबियोंनें असें कांहीं छापलेलें नाहीं; ही सारी परंपरा लेखकाची निर्मिति आहे. खोटे दस्त ओळखावयास शिकविणाऱ्याच्याच नांवावर खोटा दस्त खपविण्याची ही थट्टा जाणत्या वाचकासाठीं आहे. अजाणत्यासाठीं मात्र तो सांपळा होय. नांव खरें, सन नेमका, ठिकाण नेमकें, म्हणून पोथीहि खरी, हें अनुमान किती घातक आहे हें येथें कळतें. असली कल्पित पोथी एकदां कोणाच्या टिपणांत शिरली कीं दुसरा ती टिपणावरून उचलतो, तिसरा दुसऱ्यावरून, आणि मूळ प्रत कोणीं पाहिली हें विचारण्याचें सर्वच विसरतात.

कथेच्या गाभ्याशीं असलेलें पुस्तक मात्र खरोखरच हरवलेलें आहे. अॅरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रावरील ग्रंथाचा पहिला भाग उपलब्ध असून त्यांत शोकपर्यवसायी नाटकाचा विचार आहे. हास्यप्रधान नाटकाविषयीं पुढें बोलूं असें तेथें वचन दिलेलें आहे, परंतु तो दुसरा भाग मिळत नाहीं. १२७८ त मोर्बेकेच्या विल्यमनें लॅटिनांत भाषांतर केलें तेव्हां त्याच्यापुढेंहि पहिलाच भाग होता. पॅरिस येथील दहाव्या शतकाच्या एका ग्रीक हस्तलिखितांत हास्यरसावरील एक लहानसें टांचण आहे. तें १८३९ त छापलें गेलें, आणि तें हरवलेल्या भागाचाच संक्षेप असावा असें रिचर्ड जॅन्को यानें १९८४ त प्रतिपादिलें. विद्वानांत यावर एकमत नाहीं. एकोनें ही खरी उणीव घेऊन तीवर असें रचलें कीं, एका प्रतीचा मालक तीं पानें कोणीं वाचूं नयेत म्हणून जिवावर उदार होतो.

५. धरावें व मारावें

मध्ययुगाच्या अखेरीचा एक खून आपल्या घरचाच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशवे मारले गेले. राघोबादादांच्या पत्रांतील 'धरावें' चें 'मारावें' झालें, ही हकीकत प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. ग्रँट डफनें १८२६ त ती आपल्या इतिहासांत दिली. पण फेरफार आनंदीबाईनें केला हें सांगतांना त्यानें सार्वत्रिक समजुतीचाच आधार घेतला आहे. कागदावर दिसणारी खाडाखोड ही एक साक्ष. ती कोणीं केली याविषयींची लोकांची समजूत ही निराळी साक्ष. वर सांगितलेल्या ग्रंथांच्या वाचनानें ज्याची दृष्टि तयार झाली आहे, तो येथें विचारील: 'ध' चा नुसता 'म' करून भागत नाहीं, पुढें कानाहि वाढवावा लागतो, मोडीच्या एकसंध ओळींत त्यास जागा कोठून मिळाली? शाई व लेखणी एकच होती काय? कागद पाहणारा कोण, आणि सांगणारा कोण? हे प्रश्न सुटोत वा न सुटोत, ते विचारल्यावांचून एका स्त्रीच्या माथीं खुनाचा दोष ठेवणें हा इतिहास नव्हे.

६. संग्राहकांस

रहस्यकथेच्या वाचनाचा उपयोग आमच्या मते एवढाच, पण तो थोडा नाहीं. कागद कोठें संपतो व कल्पना कोठें सुरू होते हा सांधा ज्यांत शोधतां येतो, ते ग्रंथ घ्यावे. ज्यांत तो बुजविलेला असतो ते करमणूक म्हणून वाचून ठेवून द्यावे.

एकोच्या मठांतील ग्रंथालयाविषयीं मात्र शेवटीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे, कारण तो विषय संग्राहकांच्या घरचा आहे. पुस्तक जाळूनच नाहींसें होतें असें नाहीं. तें कोणास न दाखवितां जपून ठेविलें तरीहि नाहींसें होतें. याच्या उलट उदाहरण अर्थशास्त्राचें. शतकानुशतकें हा ग्रंथ इतर ग्रंथकारांच्या उल्लेखांवरूनच ठाऊक होता. १९०५ त तंजावर प्रांतांतील एका पंडितानें आपल्याजवळची पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाच्या स्वाधीन केली, तेथील आर. शामशास्त्री यांनीं ती वाचली, १९०९ त छापली, आणि प्राचीन भारताच्या राज्यव्यवहाराविषयींच्या विद्वानांच्या कल्पना बदलून गेल्या. वर उल्लेखिलेली आशुमृतकपरीक्षा आज आपण वाचूं शकतों ती त्या एका दानामुळें. त्या पंडितानें पोथी वाळवीच्या हवालीं केली असती, तर अॅरिस्टॉटलच्या दुसऱ्या भागाप्रमाणें तिच्यावरहि कादंबरीच लिहावी लागली असती.

महाराष्ट्रांत अद्यापि अनेक घरांच्या माळ्यांवर न सोडलेले रुमाल आहेत. ते देऊन टाकावे असा आमचा आग्रह नाहीं. मालकी ज्याची त्याजपाशीं राहो. परंतु यादी करावी, छायाचित्रें घ्यावीं, आणि जाणत्यानें मागितल्यास कागद दाखवावा, अशी आमची सर्व संग्राहकांस नम्र विनंति आहे.